बुडापेस्ट: दोन काठांचे एक शहर कसे झाले?

प्रश्न

१८७३मध्ये बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही तीन शहरे एकत्र करून बुडापेस्ट झाले, एवढे सर्वत्र वाचायला मिळते. परंतु केवळ कागदावरच्या विलीनीकरणाने शहर एकजीव होत असेल, असे मला वाटत नाही. डॅन्यूबच्या पश्चिमेला टेकड्यांवर वसलेले बुडा आणि पूर्वेच्या सपाटीवर पसरलेले पेस्ट यांचा सांधा प्रत्यक्षात कशाने जुळला आणि तो आज कोठे दिसतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

आधीच घडून गेलेल्या गोष्टीवर १८७३मध्ये फक्त मोहोर उमटली, आणि ती गोष्ट म्हणजे १८४९मध्ये खुला झालेला साखळी पूल. त्यापूर्वी होड्यांवर आधारलेला तरता पूल असे. नदीतून बर्फ वाहू लागला की तो काढून घ्यावा लागे आणि दोन्ही काठांचा संबंध बेभरवशाचा होऊन जाई. इश्तवान सेचेनी या उमरावाला वडिलांच्या निधनानंतर, १८२०च्या हिवाळ्यात, याच कारणाने सुमारे आठवडाभर काठावर खोळंबून राहावे लागले, असे सांगतात. कायमचा पूल व्हावा म्हणून पुढे त्यांनीच सर्वाधिक खटपट केली. आराखडा विल्यम टियर्नी क्लार्क यांचा होता आणि बांधकामावर देखरेख ॲडम क्लार्क यांची होती. आडनाव एकच असले तरी दोघांचे नाते नव्हते.

या पुलाच्या बांधणीइतकेच महत्त्व मी त्याच्या पथकराला देतो. हंगेरीतील उमरावांना तोपर्यंत करमाफी होती, पण पूल ओलांडताना त्यांनाही इतरांप्रमाणे पैसे मोजावे लागले. म्हणूनच हा पूल त्या समाजातील एका मोठ्या बदलाची सुरुवातही मानला जातो.

दुसरे उत्तर

पुलाचे महत्त्व मान्य आहे, तरी आजची राजधानी घडली ती मुख्यतः पेस्टच्या बाजूला, असे माझे मत आहे. १८३८च्या महापुराने पेस्टची फार मोठी हानी केली. १८७०मध्ये नगररचनेसाठी सार्वजनिक बांधकाम मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या काळात आंद्राशी मार्ग व मोठा वर्तुळमार्ग आकाराला आले. यातील वर्तुळमार्ग डॅन्यूबच्या एका जुन्या, बुजवलेल्या प्रवाहाच्या वळणावरून जातो. आंद्राशी मार्गाच्या देखणेपणाला बाध येऊ नये म्हणून तेथे रस्त्यावर ट्राम नको, असे ठरले आणि वाहतूक जमिनीखाली नेण्यात आली. १८९६मध्ये सुरू झालेली ही भुयारी रेल्वे युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली. मग्यार, म्हणजे हंगेरियन, लोकांच्या ८९६मधील आगमनाला तेव्हा हजार वर्षे होत होती. संसदभवनाची ९६ मीटर उंची त्याच वर्षाची आठवण देते.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. आज उभा आहे तो साखळी पूल मूळचाच आहे काय?

तिसरे उत्तर

नाही. १९४५च्या वेढ्यात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने डॅन्यूबवरचे पूल उडवून दिले. साखळी पूल जुन्या रूपातच पुन्हा उभारून १९४९मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, खुला करण्यात आला. एलिझाबेथ पुलाला मात्र जुने रूप परत मिळाले नाही. १९६४मध्ये त्याच जागी वेगळ्याच धाटणीचा झुलता पूल झाला. एकामागून एक हे दोन्ही पूल पाहिले, तर त्या हानीची कल्पना शब्दांवाचून येते.

काठांमधला नैसर्गिक फरक पुलांनी मिटला नाही, हेही नोंदवले पाहिजे. बुडाच्या टेकड्यांच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे आपोआप वर येतात, आणि ऑटोमन काळातील रुदाश स्नानगृह त्यांवरच चालत आले आहे. पेस्टमध्ये तेच पाणी मिळवण्यासाठी विल्मोश झिगमोंदी या अभियंत्याला १८६८ ते १८७८ अशी दहा वर्षे खोदावे लागले, आणि ती विहीर ९७० मीटर खोल गेली.

सांधा आज कोठे दिसतो, याचे माझे उत्तर साधे आहे: ४ आणि ६ क्रमांकांच्या ट्राममध्ये. त्या बुडात सुटतात, मार्गारेट पुलावरून पेस्टमध्ये येतात, वर्तुळमार्गाचा संपूर्ण फेरा घेतात आणि पेटोफी पुलावरून पुन्हा बुडात जाऊन थांबतात.