रॉन डेलम्स: आधी खासदार, मग लॉबिस्ट. सेमिनारला काय लिहू?

कलिनावाली:
एम.ए. राज्यशास्त्र, दुसरं वर्ष. सेमिनारला रॉन डेलम्स घेतलेत. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड-बर्कलीचे कृष्णवर्णीय खासदार, १९७१ ते १९९८ अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात. व्हिएतनाम युद्धाला विरोध, वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध, सगळं झकास. आणि राजीनामा दिल्यावर काय, तर लॉबिंगची फर्म, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यांची कामं सरकारदरबारी रेटायची! अशिलांत विमानाची इंजिनं बनवणारी रोल्स-रॉइससुद्धा. मी 'तत्त्वं विकली' असं लिहून मोकळी झाले होते, सरांनी ती ओळ खोडली. इथे मंत्रालयाच्या आसपास आयुष्य काढलेलं कोणी आहे का? हा धंदा आतून कसा चालतो?

फोर्टचा बाबू:
सरांनी बरं केलं.

मी एका व्यापारी संघटनेत होतो, हुद्दा लायझन ऑफिसर. म्हणजे मंत्रालयाच्या गार्डन गेटला पास काढायचा आणि फाइल कुठल्या डेस्कवर अडलीय ते हुडकायचं. खालून टिपणी प्रतिकूल पडली की वर कितीही ओळखी असोत, गाडं हलत नाही. आमच्याकडे एक माजी आमदार येत. मंत्र्यांना फोन लावून देतात म्हणून त्यांना मान होता असं नाही. सभागृहात लक्षवेधी सूचना कोणाकडून लावून घ्यायची, विषय कुठल्या समितीपुढे जाईल, कुठला सचिव सगळं लेखी मागेल, हे त्यांना तोंडपाठ. खाकी पाकिटात अर्जाची प्रत, मार्जिनला पेन्सिलीने नुसते मजल्यांचे आकडे. त्यांचे पैसे कुठल्या नावाखाली द्यायचे हा अकाउंट्सचा कायमचा पेच. शेवटी 'सल्ला फी' असं व्हाउचर व्हायचं.

डेलम्स विकत होते तेही हेच, सभागृहाची माहिती. पण ती त्यांनी कमावली कशी ते बघ. १९७३ साली सशस्त्र सेना समितीवर नेमणूक झाली, तर अध्यक्ष एडवर्ड एबेर यांनी त्यांना आणि खासदार पॅट श्रोडर यांना मिळून एकच खुर्ची ठेवली. एक कृष्णवर्णीय, एक बाई, दोघांत एक! दोघं अर्ध्या-अर्ध्या खुर्चीवर बसले, उठून गेले नाहीत. १९९३ ला त्याच समितीचे अध्यक्ष डेलम्स. दक्षिण आफ्रिकेचं विधेयक त्यांनी पहिल्यांदा १९७२ ला मांडलं; कायदा झाला १९८६ ला. तोही सिनेटच्या मवाळ मसुद्यावर, आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार दोन्ही सभागृहांनी मोडून काढल्यावर. इतकी वर्षं एकच विषय धरून बसणाऱ्याला कुठली कळ कुठे दाबायची हे कळणारच.

शिवडीकर:
बाबूकाका, खुर्चीचा किस्सा भारी. पण सॅन फ्रान्सिस्को विमानतळाचं लॉबिंग डेलम्स यांनीच घेतलं होतं ना? नव्या धावपट्ट्यांसाठी उपसागरात भराव टाकायचा म्हणून. पर्यावरणवाले विरोधात. आपल्याकडे भराव म्हटला की आधी कोळीवाडे आठवतात. आयुष्यभर डाव्या बाजूला राहिलेल्या माणसानं हे काम का घ्यावं? पैसा, दुसरं काय. लिहून टाक बिनधास्त.

फोर्टचा बाबू:
पैसा होताच, नाही कोण म्हणतंय? त्या धावपट्ट्या झाल्या नाहीत ही गोष्ट वेगळी. पण त्याच वर्षांत हाच माणूस आफ्रिकेतल्या एड्ससाठी मोठा निधी उभारा म्हणून दारोदार फिरत होता. त्यांच्या जागेवर निवडून आलेल्या बार्बरा ली पूर्वी त्यांच्याच कार्यालयात होत्या. त्यांनी ती कल्पना सभागृहात रेटली आणि २००० साली जागतिक एड्स व क्षयरोग मदतीचा कायदा झाला. कसब एकच, अशील निराळे. सेमिनारमध्ये दोन्ही लिही आणि धावपट्टीचं काम झाकू नकोस.

आणखी एक. शिवडीकरांना हे धावपट्टीचं ठाऊक झालं, कारण अमेरिकेत लॉबिंगची नोंद होते. १९९५ च्या कायद्यानं अशील कोण, विषय कोणता, रक्कम किती, हे तेव्हा दर सहा महिन्यांनी भरावं लागे. आपल्याकडे असा कायदाच नाही. २०१२ च्या डिसेंबरात वॉलमार्ट या अमेरिकी कंपनीच्या लॉबिंगवरून आपल्या संसदेत गदारोळ झाला, तो खर्चाचा आकडाही तिकडच्या कागदांतूनच आलेला. आमच्या माजी आमदारांची नोंद शोधायला गेलीस तर एक व्हाउचर सापडेल, तेही वाळवीनं सोडलं असेल तर.

कलिनावाली:
काका, मग माझा विषयच बदलला. डेलम्स अर्ध्यात आटोपते आणि उरलेल्यात 'नोंद असणं आणि नसणं' घेते. ते नंतर ओकलंडचे महापौर झाले, २००७ ते २०११. ते घेऊ का?

शिवडीकर:
एका वाक्यात घे. लॉबिंग करून परत निवडून येता येतं, एवढाच त्याचा उपयोग.

कलिनावाली:
ओके. आणि 'सल्ला फी'चा दाखला देऊ का?

फोर्टचा बाबू:
दे की. संघटनेचं नाव मात्र विचारू नकोस, अजून पेन्शनचे कागद त्यांच्याकडूनच सही होऊन येतात.