आलेक्सी स्वायेवरचं चित्रपुस्तक: ३२ पानांत काय ठेवावं, काय गाळावं?

प्रश्न
६ ते ९ वयाच्या मुलांसाठी एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच आचारी स्वाये याचं चरित्र लिहितेय. संहिता १,४०० शब्दांवर गेली: १८१० चा जन्म, लंडनच्या रिफॉर्म क्लबमधलं गॅसवरचं स्वयंपाकघर, डब्लिन, क्रिमियाचं युद्ध, १८५८ चा मृत्यू. वाचताना नुसती सनावळी वाटते. काय काढू? आणि सैन्यासाठी त्यानं शोधलेली शेगडी चित्रात कशी दाखवायची?

प्रतिसाद १
जन्म-मृत्यू शेवटच्या टिपणात टाका. शीर्षकपान, श्रेयपान वगळता हाती १३-१४ जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) उरतात. प्रत्येकी ४०-५० शब्द धरा. त्यापुढे मजकूर चित्रावर चढतो.

सुरुवात थेट १८५५, क्रिमियाच्या युद्धातल्या स्कुटारीच्या (आजच्या इस्तंबूलमधल्या) ब्रिटिश लष्करी रुग्णालयातून करा. मोठ्या भांड्यात मांस उकळताना आपापला तुकडा ओळखू यावा म्हणून त्याला जुनी बटणं, खिळे, चक्क कात्रीसुद्धा बांधत. दोरी इतकी करकचून आवळलेली, की बाहेरून शिजायचं आणि आत कच्चं राहायचं. स्वायेनं सांगितलं, दोरी सैल बांधा! सहा वर्षांच्या मुलालाही हे पटकन कळतं. एका पानावर बटणं-कात्र्या लोंबणारं भांडं, पान उलटलं की कापलेला तुकडा, मधोमध लाल. उकळलेलं पाणी फेकून देत, त्याचं त्यानं सूप करायला लावलं. हे पुढचं पान.

क्लबला एकच जोडपान द्या.

प्रतिसाद २
शेगडीचा उभा छेदच काढून घ्या. पत्र्याचं उभं पिंप, खाली जाळाची जागा, वरच्या भागात आत उतरवलेलं भांडं, वर झाकण, बाजूला धुराडं. चित्रात हमखास चुकतं ते असं: पातेलं पिंपाच्या डोक्यावर आणि भोवती ज्वाळा. मग शोधच दिसत नाही. जाळ आत कोंडलेला असल्यानं वारा-पाऊस बाधत नाही, सरपण कमी लागतं आणि रात्री शत्रूला उजेड दिसत नाही. एका शेगडीवर सुमारे ५० जणांचं शिजे. शेजारी बरोब्बर ५० सैनिक काढा, मुलं मोजतातच.

प्रतिसाद ३
डब्लिन मात्र गाळू नका. एप्रिल १८४७, बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये दुष्काळ. स्वायेच्या सूपघरात एका वेळी १०० माणसं आत, साखळीनं बांधलेले चमचे, घंटा वाजली की उठायचं आणि पुढचे १०० आत. चित्र घंटेचं नको, साखळीच्या चमच्याचं हवं. सूप फार पातळ आहे, त्यावर माणूस जगणार नाही, अशी टीका तेव्हाच झाली होती. तेही एका वाक्यात लिहा. नाहीतर भुकेल्या माणसांच्या रांगेसमोर टाळ्या वाजवल्यासारखं होईल.

स्वतः रचलेले संवाद त्याच्या तोंडी घालू नका. क्रिमियाच्या अनुभवांवर त्याचं स्वतःचं पुस्तक १८५७ मध्ये निघालं. अवतरण हवंच असेल तर त्यातलंच घ्या, आणि कुठलं वाक्य त्याचं आहे ते टिपणात नोंदवा.

प्रश्नकर्ती
क्लबची चार जोडपानं एकावर आणते. छेद आणि साखळीचा चमचा चित्रकाराला आजच कळवते.