दहा टन झेनॉन आणि "काहीच सापडलं नाही"

उंबरठा

आमच्या कॉलेज ग्रुपवर एक पोस्ट आली, मग तीच अजून दोन ठिकाणांहून आली, म्हणजे जोरात फिरतेय. सारांश असा: अमेरिकेत सोन्याच्या जुन्या खाणीत दीड किलोमीटर खाली दहा टन झेनॉन (एक दुर्मिळ वायू, थंड करून द्रव केलेला) भरून लोक डार्क मॅटर (दिसत नाही, फक्त गुरुत्वाकर्षणावरून कळतं असं द्रव्य) शोधत बसलेत, सापडलं शून्य, पैसे पाण्यात, तिकडे सर्न (जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा) अजून मोठं मशीन मागतंय, सगळी गोऱ्यांची रोजगार हमी योजना. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. ग्रुपवर भांडायचं नाही असं घरी कबूल केलंय म्हणून इथे ओततोय.

एक तर ते शून्य नाही. एलझेडने, म्हणजे त्याच खाणीतल्या प्रयोगाने, ऑगस्ट २०२४ मध्ये २८० दिवसांचा डेटा मांडला. ९ जीईव्हीच्या वरचा (साधारण नऊ-दहा प्रोटॉनांहून जड) विम्प, म्हणजे डार्क मॅटरचा संभाव्य कण, असलाच तर तो साध्या अणूला किती क्वचित धडकतो, यावरची मर्यादा त्यांनी आधीच्या सगळ्यांपेक्षा जवळपास पाचपट कडक केली. म्हणजे कागदावर डौलात उभ्या असलेल्या कितीतरी थिअऱ्या त्या दिवशी कचऱ्यात गेल्या. हे काम नाही? डार्क मॅटर आहे की नाही हे ते लोक ठरवत नाहीयेत, ते आकाशगंगांच्या फिरण्यावरून, लेन्सिंगवरून (गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकण्यावरून), सीएमबीवरून (विश्वाच्या बालपणीच्या उरलेल्या प्रकाशावरून) ठरलंय आणि ते आपण इथे हजारदा चघळलंय. प्रश्न आहे की ते कशाचं बनलंय.

दुसरं, पोस्टवाल्याला बहुतेक माहीत नाही की ही तीच होमस्टेक खाण आहे जिथे रे डेव्हिसने ड्रायक्लीनिंगच्या द्रवाची पावणेचार लाख लिटरची टाकी ठेवून सूर्याचे न्यूट्रिनो (कशालाही क्वचितच धडकणारे सूक्ष्म कण) मोजले. थिअरीच्या एक तृतीयांशच मिळायचे. वर्षानुवर्षं लोक म्हणाले याचा प्रयोग गंडलाय. २००२ ला नोबेल. आणि जपानचं कामिओकांडे (पाण्याची मोठी टाकी) तर प्रोटॉनचा क्षय बघायला बांधलं होतं, तो आजतागायत कोणाला दिसलेला नाही, पण १९८७ ला सुपरनोव्हा फुटला तेव्हा त्याच टाकीत डझनभर न्यूट्रिनो पकडले गेले. पोस्टवाला तेव्हा असता तर १९८६ लाच टाकीची तोटी उघडून मोकळा झाला असता.

खवचट_खारेपाटणकर

वा, डेव्हिस काढलाच. धागा उघडला तेव्हाच म्हटलं, आता डेव्हिस येणार. अहो डेव्हिसला एक तृतीयांश तरी *दिसत होते*. एलझेडला काय दिसतंय? "नाही" हे दिसतंय, अधिकाधिक अचूकपणे दिसतंय.

मी काही पोस्टवाल्याच्या बाजूचा नाही, त्याला शाळेतलं फिजिक्स तरी येतं का शंका आहे, पण तुमची ही जी "काहीही झालं तरी आम्ही जिंकलो" पद्धत आहे ना ती डोक्यात जाते. आमच्या वेळी एमएस्सीला सांगायचे सुपरसिमेट्री (प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असतो ही थिअरी) दारात उभी आहे, एलएचसी (सर्नचं कण आदळवणारं मशीन) चालू झालं की बेल वाजवेल. २०१२ ला हिग्ज (कणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राचा कण) आला, मान्य, टाळ्या. पुढे? डिसेंबर २०१५ ला एलएचसीच्या डेटात ७५० जीईव्हीवर उंचवटा (नव्या कणाची चाहूल), त्यावर पाचशेच्या घरात पेपर, ऑगस्ट २०१६ ला उंचवटा सपाट. २०२० ला झेनॉन-वन-टी या इटलीतल्या डिटेक्टरला जास्तीचे सिग्नल, लगेच सूर्यातून ॲक्सियॉन (विम्पपेक्षा फार हलके असे कल्पित कण) आले म्हणून बोंब, २०२२ ला मोठ्या डिटेक्टरमध्ये काहीच नाही, आधीचं बहुतेक ट्रिटियमचं (किरणोत्सारी हायड्रोजनचं) किटाळ. म्युऑन जी-२ (म्युऑन कणाचं चुंबकत्व मोजणारा प्रयोग), २०२१, ४.२ सिग्मा (पाच झाले की शोध मानतात), पेपरात "भौतिकशास्त्र हादरलं", मग २०२५ ला थिअरीवाल्यांनीच आपला आकडा सरकवला आणि हादरा ओसरला. डब्ल्यू बोसॉनचं वजन, २०२२, सात सिग्मा! २०२४ ला एलएचसीवरचं सीएमएस म्हणतं वजन बरोबरच आहे हो.

दर वेळी आम्ही ढोल बडवायचे आणि दर वेळी गणपती आलाच नाही.

उंबरठा

@खवचट, तुम्ही जी यादी दिलीत ती माझ्याच बाजूची आहे. हे सगळे उंचवटे कोणी पाडले? त्याच लोकांनी, नाहीतर शेजारच्या प्रयोगाने. झेनॉन-वन-टीवाल्यांनी पहिल्याच पेपरात ट्रिटियमची शंका स्वतःच लिहून ठेवली होती. ढोल पेपरवाल्यांनी बडवले.

उलटं उदाहरण बघायचं तर इटलीत ग्रान सास्सोच्या भूमिगत प्रयोगशाळेतले डामावाले. १९९८ पासून म्हणतायत आम्हाला जूनमध्ये सिग्नल वाढताना दिसतो, डिसेंबरात कमी होतो, म्हणजे पृथ्वी डार्क मॅटरच्या वाऱ्यातून जातेय. कच्चा डेटा उघडा करा म्हटलं की नाही. शेवटी स्पेनमध्ये अनाईस आणि कोरियात कोसाइन यांनी तेच सोडियम आयोडाइडचे स्फटिक घेऊन मोजलं, तसलं काही दिसलं नाही. असली "सापडलं"वाली मंडळी हवीत की एलझेडसारखी "नाही सापडलं" म्हणणारी?

मध्यमपदलोपी

गुरुत्वाकर्षणाचा नियमच चुकीचा असेल तर? तसं म्हणणाऱ्या मॉन्ड सिद्धांताबद्दल कोणी बोलत नाही. नारळीकर सरांनी शेवटपर्यंत बिग बँगला प्रश्न विचारले, त्यांना कोणी इमोजी टाकले नाहीत.

उंबरठा

सरांनी पर्यायी मॉडेल मांडलं, गणित दिलं, चुकीचं ठरवता येईल असं काहीतरी पुढे ठेवलं. मॉन्डवाल्यांनी आधी बुलेट क्लस्टर (एकमेकांना धडकलेले आकाशगंगांचे दोन समूह, जिथे बहुतेक वस्तुमान दिसणाऱ्या वायूपासून वेगळं पडलंय) निस्तरावा, मग बोलू.

अनामिका_पी

माझी भाची पीएचडीला अशाच एका झेनॉन प्रयोगात होती (कुठला ते सांगत नाही, छोटं जग आहे). खाली जायचं म्हणजे खाणीचा पिंजरा, वर हेल्मेट, कमरेला श्वासाचं यंत्र. खाली पोचल्यावर बूट धुवायचे, मग पांढरा सूट, हातमोजे, केसांना टोपी, मेकअप तर विसराच. का, तर धूळ. धुळीत युरेनियम-थोरियमचा अंश असतो, त्यातून रेडॉन (किरणोत्सारी वायू) येतो, आणि अख्ख्या डिटेक्टरच्या आतल्या धुळीचा हिशोब ग्रॅममध्ये ठेवतात. ती सुट्टीत घरी आली तेव्हा माझ्या ओट्यावरून बोट फिरवून बघत होती, मी म्हटलं बाई, इथे पोहे करायचेत, डार्क मॅटर नाही.

मला सगळ्यात भारी वाटलं ते "मीठ". डेटामध्ये मुद्दाम खोटे विम्प मिसळतात, विश्लेषण करणाऱ्यांना कुठले खोटे ते माहीत नसतं. एलझेडनेही २०२४ च्या निकालात हेच केलं होतं. झेनॉनमध्ये काही धडकलं की आधी प्रकाशाची बारीक चमक, मग इलेक्ट्रॉन वर पोचल्यावर दुसरी मोठी चमक, दोन्हीचं प्रमाण बघून धक्का अणुकेंद्राला बसला की इलेक्ट्रॉनला ते ठरतं. तर हिच्या ग्रुपला एक अगदी देखणा इव्हेंट दिसला. बरोबर त्या पट्ट्यात. कोणी मोठ्याने बोलेना, पण चेहरे सगळ्यांचे सांगत होते. शेवटी यादी उघडली, मीठ. ती म्हणाली मावशी, त्या दिवशी कॅन्टीनमध्ये कोणी जेवलं नाही नीट.

म्हणून "रोजगार हमी" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ती आता बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिप्पट पगार.

खवचट_खारेपाटणकर

म्हणजे खरं सापडेना म्हणून खोटं घालून सराव करतात. ग्रेट. (भाचीला मानलं, तुम्हाला नाही.)

रेडिओ_रघू

तुम्ही सगळे परक्याच्या खाणीवरून काय भांडताय? आपली खाण कुठे गेली ते बोला. १९६५ ला कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून जास्त खाली, टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था), ओसाका आणि डरहॅमच्या लोकांनी वातावरणातले न्यूट्रिनो पकडले. त्याच वर्षी अमेरिकन राइनेसच्या टीमने दक्षिण आफ्रिकेत. पण पेपर आधी आपला छापून आला! आता खाण बंद, खाली पाणी.

आणि आयएनओ, आपली न्यूट्रिनो वेधशाळा? जानेवारी २०१५ ला केंद्राच्या मंत्रिमंडळाने मंजूर केलं, सुमारे १५०० कोटी. तमिळनाडूत थेनीजवळ डोंगरात दोन किलोमीटरचा आडवा बोगदा, ५० हजार टनांचा लोखंडी चुंबकीय डिटेक्टर. मी नोकरीच्या शेवटच्या काळात त्याच्या आरपीसी (आतून कण गेला की सिग्नल देणाऱ्या काचेच्या पेट्या) जोडायला होतो. दोन मीटर बाय दोन मीटरच्या काचा, मधली फट दोन मिलिमीटर, ती सगळीकडे सारखी राहावी म्हणून मध्ये बटणं चिकटवायची, मग गॅस भरून गळती तपासायची, एक बटण सुटलं की अख्खी पेटी बाद. असे जवळपास २९ हजार नग लागणार होते. काय झालं? कोणीतरी सांगितलं तिथे अणुकचरा पुरणार, धरणं फुटणार, न्यूट्रिनोने शेती जळणार. अरे, तुमच्या अंगातून या क्षणाला अब्जावधी न्यूट्रिनो जातायत! २०१७ ला हरित लवादाने मंजुरी अडवली, २०१८ ला परत मिळाली, मग तमिळनाडू सरकार सुप्रीम कोर्टात नाहीच म्हणालं. मदुराईला ८५ टनांचं छोटं मॉडेल आहे ते बघा आणि समाधान माना. चीनचा न्यूट्रिनो डिटेक्टर जुनो ऑगस्ट २०२५ ला सुरू पण झाला.

असल्या अडाणी लोकांमुळे देश मागे आहे.

सातबारा

"अडाणी" हा शब्द मागे घ्या. माझं आजोळ एका धरणाखाली गेलं. तेव्हा गावात जीपमधून आलेले साहेबही तुमच्यासारखेच शिकलेले होते, त्यांच्याकडेही नकाशा होता, तेही म्हणाले काही होत नाही, पुनर्वसन होईल. माझी आजी मरेपर्यंत पर्यायी जमिनीच्या कागदासाठी तालुक्याला जात होती. न्यूट्रिनो निरुपद्रवी आहे हे मला पटतं हो, बीएस्सी आहे मी. न्यूट्रिनो घेऊन येणारी यंत्रणा निरुपद्रवी आहे हे पटत नाही. बोगद्याचा खडक कुठे टाकणार, सुरुंग किती, पाण्याचं काय, हे गावाला त्यांच्या भाषेत आधी सांगितलं का नंतर? आणि आधीची जागा, निलगिरीतली सिंगारा, हत्तींच्या वाटेवर होती म्हणून सोडावी लागली, ते विसरलात? तेव्हा पण विरोध करणारे अडाणीच होते का?

रेडिओ_रघू

सिंगारा सोडली ना? ऐकलंच ना? मग थेनी निवडली, वनजमिनीवर बांधकाम नाही, बोगदा डोंगराच्या पोटात, चारही बाजूंनी किमान किलोमीटरभर खडक. अजून काय आकाशात बांधायचं? तुमच्या आजीबद्दल वाईट वाटतं पण धरण आणि डिटेक्टर एकच मोजमापाने मोजू नका.

सातबारा

वाईट वाटतं म्हणून पुढच्याच वाक्यात "पण". हेच ते साहेब.

हिंगोलीकर

आमच्याकडे औंढा नागनाथला लायगो (गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा) येतंय त्याचं सांगतो. २०१६ ला तत्त्वतः मंजुरी, २०२३ च्या एप्रिलात २६०० कोटींची पक्की. मधली वर्षं गावात एकच प्रश्न, "ते तुमचं लहरींचं कधी?" विरोध फारसा नाही झाला, उलट लोकांना वाटलं रस्ता होईल, लाइट टिकेल. म्हणजे मराठवाड्याचे लोक लई विज्ञाननिष्ठ आहेत असं नाही, त्यांना अजून कोणी फसवलं नव्हतं एवढंच.

मध्यमपदलोपी

डार्क मॅटरचा धागा होता ना?

सातबारा

झारखंडात जादूगुडाला युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटर खाली आपलीच डार्क मॅटरची प्रयोगशाळा आहे, २०१७ पासून. तिथे कोणी बोगदा नवीन खणला नाही, होती ती खाण वापरली. रघूकाका, त्याच्यावर एक ओळ नाही लिहिलीत तुम्ही.

रेडिओ_रघू

५५५ मीटर! कोलारच्या पाव भागाइतकं. ते चांगलं काम आहे, नाही म्हणत नाही, थेंबांचे डिटेक्टर आहेत, हलक्या विम्पसाठी उपयोगी. पण वातावरणातल्या न्यूट्रिनोंसाठी ५० हजार टन तिथे बसत नाही. आणि काका नका म्हणू.

उंबरठा

माझ्या धाग्याचा बोगदा केलात तुम्ही, असो. गंमत म्हणजे न्यूट्रिनो खरंच विषयाला धरून आहे. २०२४ ला झेनॉन-एन-टी आणि चीनच्या पांडा-एक्स दोघांनाही सूर्याच्या न्यूट्रिनोंनी झेनॉनच्या केंद्रकाला दिलेले धक्के दिसायला लागले, तेव्हा पावणेतीन सिग्माच्या आसपास. म्हणजे डिटेक्टर इतके तीक्ष्ण झालेत की हलक्या विम्पच्या शोधात आता सूर्यच आडवा येतोय. पुढचं एक्सएलझेडडी, ६० ते ८० टन झेनॉनचं, या न्यूट्रिनोंच्या धुक्यात शिरेपर्यंत बघणार. त्यानंतर विम्प नाही मिळाला तर त्या वाटेवर पुढे जाण्यात फार अर्थ उरणार नाही हे मीच म्हणेन.

आणि पोस्टमधलं "पैसे पाण्यात": झेनॉन जळत नाही, संपत नाही. पोलाद कारखान्यांच्या ऑक्सिजन प्लँटमध्ये हवेतून जोडीला निघतो, प्रयोग संपला की विकता येतो. युक्रेन युद्धानंतर भाव काय चढला होता बघा.

खवचट_खारेपाटणकर

म्हणजे डार्क मॅटर नाही मिळालं तरी साठेबाजीत फायदा. हे आधी सांगितलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

बरं, एलझेड आणि तुमच्या त्या ८० टनवाल्याला माझ्याकडून मुदतवाढ मंजूर. कारण तिथे निदान कुठे थांबायचं ते तुम्ही सांगितलंत. पण एफसीसी, म्हणजे सर्न मागतंय ते मोठं मशीन? ९१ किलोमीटरचा बोगदा, १५ अब्ज स्विस फ्रँक, आणि काय सापडेल विचारलं तर "हिग्ज नीट मोजू". हिग्जच्या वेळी निदान माहीत होतं की एलएचसीला काहीतरी सापडायलाच हवं, नाहीतर गणित मोडतं. इथे तशी हमी कुठल्या आकड्यावर आहे ते दाखवा.

उंबरठा

हमी नाही. हिग्ज स्वतःशी कसा वागतो हे आपण धड मोजलेलं नाही, ते मोजण्यासारखं आहे असं मला वाटतं. १५ अब्जांइतकं वाटतं का, विचारू नका.

खवचट_खारेपाटणकर

विचारलं.

अनामिका_पी

भाचीला फॉरवर्ड केला धागा. ती म्हणतेय सातबारांशी सहमत, आणि खवचटना सांग ॲक्सियॉन शोधणाऱ्यांकडे इथे अजून कोणी बघितलंच नाहीये.

हिंगोलीकर

लायगोची भरती निघाली की कोणीतरी इथे टाका. पुतण्या मेकॅनिकल झालाय, पुण्यात बसून आहे.

रेडिओ_रघू

नुसतं मेकॅनिकल नको म्हणावं. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत जवळजवळ पूर्ण निर्वात. व्हॅक्यूमचं आणि गळती शोधायचं काम शिकून घे म्हणावं, हेलियम लीक डिटेक्टर हाताळता आला पाहिजे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कुठे शिकता येईल ते सांगतो.

सातबारा

आणि जमीन ज्यांची गेली त्यांच्या पोरांना आधी सांगा.