फ्रीबीएसडी: एमपीएस टाइमआउट दिसला की आधी फर्मवेअर की आधी केबल?

कर्नलकुमार
फ्रीबीएसडी ऑपरेटिंग सिस्टीमवर एसएएस२००८ चिपचं एचबीए कार्ड (डिस्क जोडायचं कार्ड, त्याचा ड्रायव्हर एमपीएस), त्यावर थेट जोडलेल्या आठ साटा डिस्क, वर झेडएफएस फाइलसिस्टीम. एरवी सगळं सुरळीत. झेडपूलचं (झेडएफएसच्या डिस्कसमूहाचं) स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणं, लावलं की लॉगमध्ये ‘कमांड टाइमआउट’ आणि ‘टर्मिनेटेड आयओसी ८०४बी’च्या ओळींची रांग. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे फर्मवेअर (कार्डातलं सॉफ्टवेअर) फ्लॅश करा, म्हणजे नव्याने चढवा, ड्रायव्हर बदला. माझ्या मते हे चोर सोडून संन्याशाला फाशी देणं आहे.

त्याच ओळींमधला लॉगइन्फो ३१०८०००० हा कोड घ्या. एका साटा डिस्कवर एनसीक्यूमधली (डिस्कच्या कमांड-रांगेतली) एक कमांड फसली, म्हणून त्याच डिस्कच्या रांगेतल्या बाकीच्याही रद्द झाल्या, एवढाच त्याचा अर्थ. तीस ओळी दिसल्या तरी बिघाड एकच असू शकतो. त्यांच्या आसपासचा, चूक कोणती ते सांगणारा सेन्स कोड शोधा. त्यातला एएससी आकडा ४७,३ असेल तर सीआरसी चूक (डेटा वाटेत बिघडला), म्हणजे केबल किंवा बॅकप्लेन (डिस्क जिथे खोचतात ती पाटी). ११,० असेल तर सेक्टर वाचता येत नाही, डिस्कच गेली समजा. २९,० म्हणजे डिस्क मध्येच रीसेट झाली. मूळ चुकीनंतर ड्रायव्हरनेही रीसेट केलेली असू शकते, पण सुरुवातच त्या ओळीने होत असेल तर आधी वीजपुरवठा बघा. स्मार्टमधला (डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदीतला) १९९ क्रमांकाचा सीआरसी आकडा सहसा कमी होत नाही. तो किती आहे यापेक्षा स्क्रबच्या आधी आणि नंतर त्यात वाढ झाली का, ते महत्त्वाचं.

मग दोष कुठे, याची वाटणी. एका एसएफएफ-८०८७ केबलवर चार डिस्क असतात. एकच डिस्क रडत असेल तर तिची जागा बदला: चूक डिस्कबरोबर गेली तर डिस्क, जागेवरच राहिली तर केबल. एकाच केबलवरच्या चारही रडत असतील तर ती केबल किंवा त्या चौघींची वीज. आठही एकदम गेल्या, तरच कार्डाकडे वळा.

रॉमराव
असहमत. कोड वाचण्याबद्दल वाद नाही, क्रमाबद्दल आहे. केबल बदलायला यंत्र बंद करून उघडावं लागतं. फर्मवेअर बघायला ‘सिसकंट्रोल डेव्ह.एमपीएस.०.फर्मवेअर_व्हर्जन’ ही एक कमांड पुरते. तिथे २०.००.०७.०० सोडून २० मालिकेतलं आधीचं काही दिसलं, तर पुढचं सगळं निदान वाळूवर उभं आहे. त्या मालिकेच्या सुरुवातीच्या आवृत्त्या ताणाखाली दगा देतात हे जुनं दुखणं आहे. ‘झेडपूल स्टेटस’मध्ये रीडचा (वाचता न आल्याचा) रकाना शून्य आणि चेकसमचा (वाचलेला डेटा बिघडलेला असल्याचा) आकडा बऱ्याच डिस्कवर वाढतोय, असं दिसलं तर केबलमागे धावू नका. केबलवरची चूक सीआरसी पकडतो आणि कमांड पुन्हा पाठवली जाते. गुपचूप बिघडलेला डेटा आला तर संशय कार्ड, त्याचं फर्मवेअर आणि रॅम यांच्यावर.

फ्लॅश करायचंच तर पूल एक्स्पोर्ट करा, ‘एमपीएसयुटिल फ्लॅश सेव्ह फर्मवेअर’ने जुनी प्रत बाजूला ठेवा, मग ‘फ्लॅश अपडेट फर्मवेअर’ आणि रीबूट. आयआर (रेडवाल्या) फर्मवेअरवरून आयटीवर (डिस्क थेट दाखवणाऱ्या) जाताना मात्र ईएफआय शेलमधून एसएएस२फ्लॅश वापरावं लागतं. कार्डाचा एसएएस पत्ता (ओळखक्रमांक) आधी लिहून घ्या, आणि जुनं पुसल्यावर नवं चढेपर्यंत रीबूट अजिबात नको.

शून्यएक
आता कुणीतरी ‘ड्रायव्हर आणि फर्मवेअरचा आकडा जुळलाच पाहिजे’ म्हणेल, म्हणून आधीच सांगतो: फ्रीबीएसडीचा ड्रायव्हर स्वतःला २१.०२.००.०० म्हणवतो. या चिपसाठी २१ मालिकेचं फर्मवेअर कधी आलंच नाही. जुळवत बसा.

बिटवाली
दोघांनीही एक प्रकार सोडला. आठही डिस्क बूट होतानाच टाइमआउट देतात, स्क्रबची वाटही बघत नाहीत. विशेषतः कार्ड व्हर्च्युअल मशीनला पासथ्रू केलेलं (थेट सोपवलेलं) असताना. ‘व्हीएमस्टॅट -आय’मध्ये एमपीएसच्या ओळीचा आकडा हलत नसेल तर इंटरप्टच (काम झाल्याचा कार्डाचा इशारा) पोचत नाहीये. लोडर.कॉन्फमध्ये ‘एचडब्ल्यू.एमपीएस.डिसेबल_एमएसआयएक्स=१’ टाकून (इंटरप्टची एमएसआयएक्स पद्धत बंद करून) बघा. हा दोष ना केबलचा, ना फर्मवेअरचा.

कर्नलकुमार
बिटवाली, मान्य, पण ते लक्षण वेगळं. मी ताणाखालच्या टाइमआउटबद्दल बोलतोय.

रॉमराव, तुमची एक कमांड जरूर चालवावी. आक्षेप बघण्याला नाही, पुरावा नसताना फ्लॅश करण्याला आहे. शिवाय आठही डिस्क अर्ध्या तासाने एकदम जातात तेव्हा फर्मवेअरआधी हीटसिंकला हात लावा. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनली आहेत, मिनिटाला २०० फूट वेगाचा झोत धरून. शांत केसमध्ये तेवढा वारा नसतो. कार्डावर एक छोटा पंखा रोखा आणि स्क्रब पुन्हा लावा. पुरावा हवा असेल तर ‘डेव्ह.एमपीएस.०.डीबग_लेव्हल’ ०एक्स१एफ करा. रिकव्हरीच्या पायऱ्याही लॉगमध्ये येतात.

टाइमपास
एवढं कशाला? ‘कर्न.कॅम.डीए.डिफॉल्ट_टाइमआउट’ ६० वरून १२० करा. ओळी थांबतात.

रॉमराव
ओळी थांबतात, डिस्क तशीच अडकलेली राहते आणि पूल दुप्पट वेळ गोठतो. डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरवर मिनिटभर झगडत बसते, तिथे उलट करायचं: ‘स्मार्टकंट्रोल -एल एससीटीईआरसी,७०,७०’. म्हणजे ती ७ सेकंदांत हार मानेल आणि झेडएफएस दुसऱ्या प्रतीवरून डेटा आणेल. बऱ्याच डिस्कवर वीज गेली की हे मूल्य पुसलं जातं, तेव्हा आरसी.लोकलमध्ये टाका. डिस्क ही कमांड मानतच नसेल, तर ‘कॅमकंट्रोल टॅग्ज डीए३ -एन १’ने (कॅपिटल एन; डीए३ हे डिस्कचं नाव) रांग एकावर आणून स्क्रब चालवा. वेग पडेल, पण टाइमआउट गेले तर डिस्कच्या स्वतःच्या फर्मवेअरचं एनसीक्यू गडबडतंय. त्याला कार्ड फ्लॅश करून उपयोग नाही, हे कर्नलकुमारांना देऊन टाकतो. २०.००.०७.०० मात्र आधीच.

कर्नलकुमार
आवृत्ती जुनी असेल तर. ती आधीच ०७ असेल तर पुन्हा तीच चढवायची नाही, एवढं लिहून द्या.