प्लेसमेंट टेस्ट नाही, रेसिडेन्सी बघा
अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांसाठी (दोन वर्षांची सरकारी कॉलेजं) "प्रवेशाआधी प्लेसमेंट टेस्टची तयारी करा", म्हणजे गणित-इंग्रजीची पातळी ठरवणाऱ्या परीक्षेची, असा सल्ला दिला जातो. कॅलिफोर्नियात तो आता जुना झाला. 2017 च्या एबी 705 कायद्यानंतर गणित-इंग्रजीची पातळी तिथल्या हायस्कूलच्या जीपीएवरून (4 पैकी सरासरी गुण) ठरते. इंग्रजीला 2.6 किंवा वर असेल तर थेट ट्रान्स्फर-लेव्हलचा वर्ग, म्हणजे ज्याचे क्रेडिट पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात धरले जातात. कमी असला तरी वर्ग तोच, फक्त जोडीला मदतीचा तास घ्या म्हणतात. शाळा भारतात झाली असेल तर बहुतेक ठिकाणी प्रश्नावली भरून पातळी आपणच निवडायची.

प्रवेश सोपाच: 18 पूर्ण किंवा हायस्कूल पास. खरा घोळ रेसिडेन्सीत, म्हणजे फीसाठी राज्याचे रहिवासी ठरण्यात. सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी राज्यात एक वर्ष एक दिवस झालेला हवा, शिवाय इथेच राहायचा इरादा दाखवणारे कागद: ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचा टॅक्स रिटर्न. एच-4 वाल्यांना (एच-1बी नोकरदारांचे पती-पत्नी, मुलं) 46 डॉलर प्रति युनिटचा (क्रेडिटचा) रहिवासी दर मिळू शकतो, एफ-1 ला (विद्यार्थी व्हिसा) नाही. सीसीसीअप्लायवर (या कॉलेजांचा ऑनलाइन अर्ज) व्हिसाचा प्रकार किंवा राज्यात आल्याची तारीख चुकली की बाहेरच्यांच्या दराने बिल येतं, आणि मग पासपोर्ट, आय-94 (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद) घेऊन ॲडमिशन ऑफिसात खेटे. बारावीचं गणित झालंय म्हणून थेट कॅल्क्युलस हवं असेल, तर मार्कशीटचं विषयवार मूल्यांकन आधीच करून ठेवा. त्याला वेळ लागतो आणि तोवर जागा भरतात.