मदत हवी आहे: क्वांटम डॉटचा एक्सायटॉन पीक नेमका कोणता? मंगळवारी व्हायवा आहे

कपाशी२२
एमएस्सी फिजिक्स, शेवटचं सेम. क्वांटम डॉट (काही नॅनोमीटरचे अर्धवाहक कण) बनवले. पीएलमध्ये (डॉटनं सोडलेल्या उजेडाचा आलेख) ३९७ नॅनोमीटरला बारीक टोकदार पीक आहे आणि ५८० जवळ मोठा पसरट उंचवटा. मी ३९७ वाल्याला एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, यांची बांधलेली जोडी) लिहिलं. गाईड सर म्हणतात चुकलं, काय चुकलं ते सांगत नाहीत. ब्रूसच्या सूत्रानं साइज १.६ नॅनोमीटर येऊन राहिली, त्यावरही हसले. मशीन नागपूरला, एसटीनं चार तास, आता पुन्हा नंबर लागत नाही. घरी नकली नोटा तपासायच्या टॉर्चखाली मस्त नारिंगी चमकतात, म्हणजे डॉट तर झालेत. लवकर सांगा.

खडूफळा
कशाचे डॉट? कशात? एक्सायटेशन, म्हणजे वरून टाकलेला उजेड, किती नॅनोमीटरचा? अ‍ॅबसॉर्प्शन कुठं? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हटल्यासारखं झालं हे.

कपाशी२२
कॅडमियम सल्फाइड, अजून कशाचे असणार. पाण्यात, थायोग्लायकॉलिक अ‍ॅसिड लावून. यूव्हीत, म्हणजे शोषणाच्या आलेखात, ४०० ला खांदा. एक्सायटेशन ऑपरेटरनं लावलं, पाहून सांगतो.

संत्रावाला वरुड
कॅडमियम कायले बाप्पा? संत्र्याच्या सालीचे कार्बन डॉट कर. साल फुकट, विष नाही, निळा उजेड पडते.

खडूफळा
काका, त्याची व्हायवा मंगळवारी आहे. शिवाय कार्बन डॉटचा उजेड एक्सायटेशन बदललं की बहुतेक वेळा सरकतो. त्यात तो एक्सायटॉन कुठं शोधणार?

सेटवाला
मुळात खोलीच्या तापमानाला एक्सायटॉन टिकतो का? कॅडमियम सल्फाइडमध्ये बंधन ऊर्जा २८ मिली-इव्हीच्या आसपास, उष्णतेची २६, म्हणजे जोडी सहज तुटते. प्रश्नच चुकीचा आहे.

खडूफळा
ते मोठ्या स्फटिकात. तिथं बोहर त्रिज्या, म्हणजे जोडीचा मोकळेपणीचा आकार, ३ नॅनोमीटरच्या आसपास. डॉट त्याहून लहान असला की इलेक्ट्रॉन-होल एकाच खोलीत कोंडलेले, पळतील कुठं? म्हणूनच तर शोषणाची ५१२ ची कड ४०० पर्यंत सरकली. तुझ्या सूत्रवाल्या ब्रूस यांनी १९८३ मध्ये हेच कॅडमियम सल्फाइड द्रावणात पाहिलं होतं.

सेटवाला
मी पाठ्यपुस्तकातलं सांगितलं.

लाइन गेली
भांडणं नंतर. कपाशी, १.६ ही त्रिज्या आहे रे, सूत्रात आर असतो. दुप्पट कर, ३.२ व्यास. ४०० च्या खांद्याला बरोबर शोभतो. सर त्यालाच हसले असतील.
दुसरं, डॉट ४०० ला शोषतो आणि ३९७ ला उजेड देतो, आकडा लहान तितकी ऊर्जा जास्त, म्हणजे घेतल्यापेक्षा जास्त परत देतो. असा सावकार पाहिला का कुठं? एक्सायटेशन ३५० होतं ना?

कपाशी२२
हो, ३५०! तुम्हाला कसं कळलं?

लाइन गेली
मग ते पाण्याचं रामन आहे, म्हणजे पाण्यावरून विखुरताना थोडी ऊर्जा गमावलेला मशीनचाच उजेड. पाण्याचा ओ-एच बंध ३४०० सेमी व्यस्तांकाएवढी ऊर्जा ठेवून घेतो. ३५० नॅनोमीटर म्हणजे २८५७१ सेमी व्यस्तांक, त्यातून ३४०० वजा, उरले २५१७१, म्हणजे ३९७ नॅनोमीटर. एक्सायटेशन ३७० केलं तर हाच पीक ४२३ ला जाईल. खरा एक्सायटॉन जागा सोडत नाही. ५८० चा उंचवटा पृष्ठभागावरच्या ट्रॅपचा, म्हणजे इलेक्ट्रॉन-होल अडकतात अशा दोषांचा. पाण्यात बनवलेल्या अशा डॉटमध्ये नेहमीचंच, एक्सायटॉनचा स्वतःचा उजेड त्यात दबून जातो. एक्सायटॉन यूव्हीतल्या खांद्यावरून दाखव.

कपाशी२२
ऑपरेटरनं आधी नुसतं पाणी लावलं होतं, ती फाईल पेनड्राइव्हवर निघाली. त्यातही ३९७. तीन स्लाइड गेल्या माझ्या.

संत्रावाला वरुड
सालीवाल्यात पण पाणीच असते. तिथं बी दिसन का?

लाइन गेली
दिसन काका.

खडूफळा
एक मिनिट. 'घरी टॉर्चखाली' म्हणजे? कॅडमियमची बाटली घरी आणलीस?

कपाशी२२
लहान बाटली आहे. आईला उन्हानं खराब होईल म्हटलं होतं, तिनं फ्रिजात ठेवली. लोणच्याशेजारी.

खडूफळा
आत्ता काढ. नालीत ओतू नको, विहिरीजवळ तर अजिबात नाही. झाकण घट्ट लावून उद्या लॅबमध्ये परत दे. लोणचं फेक.

कपाशी२२
लोणचं पण?