अंधेरीत बाबांना गोल दिसला नाही. स्टँडमध्ये उभं राहायचं की बसायचं?

डोंबिवली_फास्ट

नमस्कार मंडळी. इंडियन सुपर लीगचा कप आपल्या मुंबई सिटीकडे आला, २०२४ च्या ४ मेच्या रात्री कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये मोहन बागानला ३-१ हरवलं, आनंदात झोप लागली नाही. तरी त्याआधीच्या सोमवारची एक गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

२९ एप्रिलला गोव्याविरुद्ध सेमीफायनलचा दुसरा लेग, म्हणजे दोनपैकी दुसरी मॅच होती. बाबांना पहिल्यांदा अंधेरीला घेऊन गेलो. बाबा ७१ वर्षांचे, परळच्या मिलमध्ये होते. त्यांचा फुटबॉल कूपरेजवरचा. रोव्हर्स कपला मोहन बागान नाहीतर ईस्ट बंगाल आली की पहिली पाळी संपवून, जेवणाचा रिकामा डबा हातात तसाच घेऊन थेट मैदानावर. मफतलाल, ओर्के मिल्सचे खेळाडू त्यांना अजून चालीवरून आठवतात. त्यांचे गुडघे गेलेत. डोंबिवलीहून फास्टने घाटकोपर, तिथला जिना चार ठिकाणी थांबत, मग मेट्रोने आझादनगर.

चूक माझी होती. मी आठ सीझन ढोलवाल्यांबरोबर उभा असतो, म्हणून तिकिटंही तिथलीच काढली. पहिल्या शिट्टीला अख्खा स्टँड उभा राहिला आणि शेवटपर्यंत खाली बसला नाही. बाबा पुढच्या खुर्चीची पाठ धरून वीसेक मिनिटं उभे राहिले, मग रुमाल अंथरून बसले. बसल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं ते मी नंतर वाकून पाहिलं. कमरेचे दोन पट्टे, एका जर्सीवरचा सात नंबर आणि त्या दोघांच्या मधून दिसणारा हिरव्या गवताचा हातभर तुकडा. त्या फटीतून ते मॅच बघत होते. छांगटेने दुसरा गोल मारला तेव्हा आम्ही एकमेकांच्या अंगावर पडून नाचत होतो आणि बाबांनी माझी बाही ओढून विचारलं, "कोणी मारला रे?"

परतीच्या मेट्रोत ते एवढंच म्हणाले, "आवाज छान होता." तक्रार नाही, काही नाही. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. आम्ही उभे राहतो, घसा फोडतो, ते टीमसाठी, असं मी मनापासून मानत आलो. पण हिशोब मांडला तर आपल्या चार ट्रॉफ्यांपैकी एकही अंधेरीत मिळालेली नाही. २०२०-२१ ची शील्ड, म्हणजे लीगच्या टेबलात पहिलं आल्याची ट्रॉफी, बांबोळीला आणि कप फातोर्ड्याला, दोन्ही गोव्यात, कोविडच्या काळात, रिकाम्या स्टेडियममध्ये. बिपिन सिंगने फायनलच्या ९० व्या मिनिटाला गोल मारला तेव्हा तिथे आपल्यातलं कुणीही नव्हतं. २०२२-२३ ची शील्ड पुन्हा फातोर्ड्याला, गोव्याला ५-३ हरवून. आणि आत्ताचा कप तर साठ हजारांवर बागानवाल्यांच्या मध्ये बसून आणला. उलट २०२३ च्या सेमीफायनलचा पहिला लेग अंधेरीत होता, आम्ही सगळे होतो, आणि बंगळुरूने ०-१ ने हरवलं.

मग आपल्या ओरडण्याने मॅच फिरते का? आणि फिरत असेल तर त्यासाठी मागच्या माणसाला मॅच न दिसणं चालवून घ्यायचं का? बाबांना पुढच्या सीझनला पुन्हा न्यायचंय. समोरच्या शांत स्टँडमध्ये न्यावं तर तिथली निम्मी मंडळी मोबाइलमध्ये असतात. काय करावं ते खरंच कळत नाहीये.

पेठेतला_गोली

भावा, बाबांचं वाचून कसंतरीच झालं. मी कोल्हापूरचा. आमच्या शाहू स्टेडियमला खुर्चीचा प्रश्नच नाही, पायऱ्या आहेत. एप्रिलात चारची मॅच असली की पायरी तव्यागत तापलेली असते. पेपर, पोतं, जे मिळंल ते खाली घालून बसायचं. कुठल्या पेठेची माणसं कुठं बसणार ते पोराटोरांना पण ठाऊक असतं. तिकिटावर लिहायला लागत नाही.

आवाजानं मॅच फिरते का विचारतोस. फिरते, पण दोन्हीकडं फिरते. मी खालच्या गटात गोलकीपर होतो. आमच्याकडं टीम म्हणजे पेठेतली तालीम, आणि बघायला येणारा माणूस म्हणजे ज्याच्या दारावरनं तुम्ही रोज जाता तो. एकदा साधा सरपटत आलेला बॉल माझ्या दोन पायांतनं आत गेला. गोलच्या मागं माझे दहावीचे सर बसलेले. ते काही बोलले नाहीत, पण बाकी गॅलरी बोलली, आणि आईवरनं बोलली. पुढची वीस मिनिटं मी लाइन सोडून बाहेर आलोच नाही. कडेनं उंच क्रॉस यायचा, डोक्याला कळायचं की हा आपला बॉल आहे, आणि पाय उचलायचा नाही. दुसरा गोल त्यातनंच खाल्ला. तो गोल गॅलरीनं मारला असं मी आजपण मानतो.

आणि त्याच गॅलरीनं मला एकदा पेनल्टी अडवायला लावलीय. पाटाकडील किंवा दिलबहार असली टीम मैदानात उतरताना जो आवाज होतो तो पोटात जाणवतो, कानात नाही. म्हणून सांगतो, ओरडा, पण काय ओरडताय ते बघा. आमच्याकडं शिव्या आणि बाटल्या यांच्यापायी माझी बहीण मॅचला यायची बंद झाली. तिला माझ्यापेक्षा जास्त फुटबॉल कळतो.

नेरूळ_ईस्ट

सगळ्याचं मूळ अंधेरीत आहे. सात हजारांच्या आसपास माणसं मावतात तिथे. एवढ्या मोठ्या शहराची टीम आणि एवढंसं मैदान! नेरूळच्या डी वाय पाटीलला परत या. २०१४-१५ ला होतोच की. २०२३ च्या नोव्हेंबरात सौदीच्या अल हिलालविरुद्ध मॅच झाली तेव्हा गर्दी पाहिली ना? तिथे बाबांना हवी ती खुर्ची मिळेल.

डोंबिवली_फास्ट

नेरूळ_ईस्ट, त्या मॅचला मी होतो. गर्दी खरंच डोळ्यांत मावत नव्हती. आणि तुमच्या बाजूने बोलायचं तर रियाधला आपण ०-६ हरलो होतो, नेरूळला ०-२, तेही शेवटचा बराच वेळ दहा जणांनी खेळून. पण ते मैदान क्रिकेटचं आहे हो. गोल आकार, त्यामुळे स्टँड आणि लाइनमध्ये केवढं अंतर. अंधेरीत थ्रो घेणाऱ्या खेळाडूच्या मानेवरचा घाम दिसतो, बॉलला बूट लागल्याचा आवाज येतो. ते मला सोडवत नाही.

शर्वरी_पुणे

अंतराबद्दल पूर्ण सहमत. आम्ही पुणेकरांनी ते भोगलंय. बालेवाडीला मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे. मी आणि लेक पुणे सिटीच्या मॅचला जायचो. ती सहा वर्षांची होती तेव्हापासून. २०१९ ला टीमच बंद झाली, तेव्हा तिने नारंगी जर्सी घडी करून कपाटात ठेवली आणि बरेच दिवस फुटबॉलचं नाव काढलं नाही. २०२३ च्या सप्टेंबरात तुमची टीम आशियाई स्पर्धेसाठी बालेवाडीला खेळायला आली, इराणच्या नस्साजीविरुद्ध, तेव्हा ती पुन्हा यायला तयार झाली. ०-२ हरलात, पण ती घरी आली ती बोलत बोलत आली.

मला सांगायचंय ते खुर्च्यांबद्दल. ट्रॅक असलेल्या मैदानात सगळ्यांना पुढची रांग हवी असते आणि तीच सर्वांत वाईट. नजर मैदानाच्या पातळीवर राहते. पलीकडच्या बाजूला काय चाललंय ते कळत नाही, सगळे खेळाडू एकाच रेषेत दिसतात. वर गेलं की चित्र उलगडतं. बाबांसाठी वरची रांग बघा, शक्यतो जिन्याला लागून. पुढचा उभा राहिला तरी जिन्याच्या बाजूने दिसत राहतं, आणि ज्येष्ठ माणसाला बाथरूमला जायला कुणाच्या गुडघ्यांवरून जावं लागत नाही. हे मी उंची कमी असलेल्या मुलीला घेऊन फिरता फिरता शिकले.

आणि एक मनातलं. उभ्या राहणाऱ्या मंडळींबद्दल मला राग नाही, त्यांच्यामुळेच लेकीला तिथे जावंसं वाटतं. पण मागे लहान मूल आहे हे मागे वळून बघितल्याशिवाय कळणार कसं? आजवर एकच मुलगा वळला. त्याने तिला उचलून आपल्या पुढे, कठड्याशी उभं केलं. तिला त्या मॅचचा स्कोअर आठवत नाही, तो दादा आठवतो.

डॉर्टमुंडचा_नाशिककर

जर्मनीत डॉर्टमुंडला राहून अकरा वर्षं झाली, त्यातली सात इथल्या टीमच्या मैदानात दक्षिण स्टँडवर उभा आहे. सुमारे पंचवीस हजार माणसं त्या एका बाजूला उभी असतात, त्याला पिवळी भिंत म्हणतात. पण हे लोकांना माहीत नसतं: उर्वरित पन्नास-साठ हजारांतले बहुतेक लोक बसतात. तिथे कुणी नव्वद मिनिटं उभं राहिलं तर मागचे लगेच खांद्यावर हात ठेवतात. उभं राहायचं त्याने उभ्याचं तिकीट काढायचं. ते बसण्याच्या तिकिटापेक्षा बरंच स्वस्तही असतं, त्यामुळे विद्यार्थी, कामगार तिथे येतात. तुझ्या बाबांवर जी वेळ आली ती इथे सहसा येत नाही, कारण दोन प्रकारची माणसं एकाच रांगेत कोंबलेली नसतात.

इंग्लंडमध्ये उलटं झालं. १५ एप्रिल १९८९ ला हिल्सबरोच्या उभ्याच्या स्टँडमध्ये चेंगराचेंगरी झाली, ९७ जीव गेले. त्यानंतर वरच्या दोन डिव्हिजनच्या मैदानांत सगळीकडे खुर्च्या आल्या. लोक तरी उभेच राहायचे, खुर्च्यांच्या मध्ये, म्हणजे जास्त धोक्यात. शेवटी २०२२ पासून प्रत्येक रांगेला कमरेएवढा लोखंडी कठडा लावून ठरावीक भागात उभं राहायला परवानगी मिळाली. गर्दी उसळली तरी माणूस पुढच्यावर पडत नाही. अंधेरीत एका स्टँडला असा कठडा बसवणं काही अशक्य नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. २०२० च्या मे महिन्यात इथे रिकाम्या मैदानात लीग परत सुरू झाली तेव्हा यजमानांचे विजय कमी झाले. अभ्यास करणाऱ्यांना असंही दिसलं की पाहुण्या टीमला मिळणारी पिवळी कार्डंही कमी झाली. म्हणजे आवाज खेळाडूंइतकाच रेफरीवरही काम करतो. पण २७ मे २०२३ ला मी त्या भिंतीत उभा होतो. शेवटची मॅच, माइन्झविरुद्ध, जिंकलं की लीग आपली. मैदान तुडुंब, ८१ हजार. आणि आमची पोरं पहिल्या पंचवीस मिनिटांत ०-२ मागे, मध्येच एक पेनल्टी वाया. पायांत शिसं भरल्यासारखी धावत होती. २-२ झालं, बायर्नने कोलोनला हरवून लीग नेली. पेठेतला_गोली म्हणतो तेच मी तिथे पाहिलं. त्या आवाजाचं ओझं झालं होतं.

मॅच संपल्यावर कुणी गेलं नाही. कोच समोर येऊन उभा राहिला, रडत होता, आणि आम्ही सगळे गात होतो. तेव्हा मॅच फिरवायची नव्हती, ती संपली होती. माझ्यासाठी उभं राहणं म्हणजे तेही आहे.

डोंबिवली_फास्ट

उशिरा उत्तर देतोय, माफ करा. नवा सीझन सुरू होईपर्यंत सांगण्यासारखं काही नव्हतं. आता बाबांना दोनदा नेलंय.

शर्वरीताई, तुमचं ऐकलं. बसण्याच्या स्टँडमध्ये वरून तिसरी रांग, जिन्याच्या कडेची खुर्ची. पहिल्यांदा मी त्यांना बसवून ढोलांकडे पळालो, दुसऱ्यांदा मुद्दाम त्यांच्याजवळ थांबलो. आठ सीझनमध्ये पहिल्यांदा मी बसून मॅच पाहिली. बाबा बॉल बघतच नाहीत. आपला लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा डिफेंडर, वर गेला की त्यांचा अंगठा गुडघ्यावर दोनदा आपटतो, आणि मी बघतो तर त्याने सोडलेल्या जागेत समोरच्या टीमचा कडेने धावणारा विंगर आधीच पोचलेला असतो. मला हे इतकी वर्षं ढोलामागून दिसलंच नव्हतं.

हाफटाइमला त्यांनी शेंगदाण्याची पुडी सोडली आणि म्हणाले, "तुमचा ढोल एकाच तालात वाजतो. बॉल आपल्याकडे असला तरी तोच, त्यांच्याकडे असला तरी तोच. मॅच कशी चाललीय हे तुम्हाला तरी कळतं का?" कूपरेजला ढोल नव्हते, म्हणाले, पण विंगरने पहिला माणूस मागे टाकला की लोक बाकावरून उठायचे, दुसरा टाकला की आवाज वर जायचा. त्या आवाजावरून रस्त्यावरच्या माणसालाही कळायचं की बॉल कुठे आहे.

हे आमच्या ग्रुपमध्ये सांगितलं. दोघेतिघे चिडले, एकाने मात्र मनावर घेतलं. तोच ढोल वाजवतो. गेल्या मॅचला आपल्यावर कॉर्नर आला तेव्हा त्याने काठी वर धरून सगळ्यांना थांबवलं. दोन-तीन सेकंद नुसती शांतता. कीपर पुढे आला, उंच उडी मारून त्याने बॉल हातात घेतला, आणि मग जो आवाज झाला तसा मी अंधेरीत ऐकलेला नाही. मी वळून वरच्या रांगेकडे पाहिलं. बाबांनी हात वर केला होता.

उभ्यांसाठी एकच स्टँड आणि तिथे कठडे, अशी मागणी आम्ही लिहून देतोय. नाशिककर, तुमच्या मैदानातल्या कठड्यांचे फोटो पाठवाल का? कमरेची उंची किती, दोन रांगांत अंतर किती, तेही.

शर्वरीताई, लेकीला घेऊन याच. बाबांच्या बाजूच्या दोन खुर्च्यांची तिकिटं मी काढून ठेवतो.